आस, ओढ आणि उघडीप : उत्तर-पावसाळ्याच्या हवामान-अंदाजाचे दोन प्रादेशिक पाठ

१. विषय आणि व्याप्ती

लखनौ शहराच्या नैर्ऋत्येस, कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनी नगर हा तहसिलीचा भाग पसरलेला आहे. अमौसीचा विमानतळ याच भागात असून त्याच्या परिसरात भारतीय हवामान विभागाचे लखनौ केंद्र काम करते. पूर्व उत्तर प्रदेश आणि पश्चिम उत्तर प्रदेश या दोन हवामान-उपविभागांचे अंदाज येथून प्रसृत होतात. त्याच विभागाचे मुंबई येथील केंद्र कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा यांच्यासाठी, तर नागपूरचे केंद्र विदर्भासाठी अंदाज देते. संस्था एक, निरीक्षणाच्या पद्धती एक, पावसाच्या वर्गीकरणाची मापेही एक; मात्र भाषा दोन आणि भूमीची ठेवण अगदी भिन्न. एक प्रदेश जवळजवळ सपाट, नद्यांनी आखलेला. दुसरा किनारा, डोंगररांग आणि पठार अशा पायऱ्यांनी बनलेला.

हवामानाचा अंदाज हा साहित्यप्रकार मानण्याची प्रथा आपल्याकडे नाही. तरीही तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने तो एक महत्त्वाचा पाठ आहे. त्याला ठरावीक रचना आहे, स्वतःचा शब्दसंग्रह आहे, दीर्घ पूर्वपरंपरा आहे आणि त्याच्या वाचनावर वाचकाची पेरणी, काढणी, कधी कधी जीवितही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ऑगस्ट-सप्टेंबर या काळातील अंदाजाचे मराठी व हिंदी रूप समोरासमोर ठेवून एक मुद्दा मांडावयाचा आहे. या काळातील कोणत्याही एका प्रदेशाच्या अंदाजाचा पूर्ण अर्थ त्या प्रदेशाच्या ओळीत मिळत नाही. त्याचा उरलेला भाग दुसऱ्या एखाद्या प्रदेशाच्या ओळीत लिहिलेला असतो. किनारा, डोंगर आणि खोरे या त्रयीचे वाचन करताना, तसेच महाराष्ट्र आणि अवध यांची तुलना करताना, हा मुद्दा सारखाच प्रत्ययास येतो.

२. ऋतूचे नाव

समशीतोष्ण प्रदेशांतील भाषांत ऑगस्ट-सप्टेंबरचा काळ उन्हाळ्याचा उत्तरार्ध समजला जातो. तिकडच्या अंदाजात दऱ्यांतील उष्णता, किनाऱ्यावरील धुके आणि डोंगरांवरील गडगडाटी सरी असा तपशील येतो. हा ऋतुविभाग मराठीत जसाच्या तसा आणता येत नाही. आपल्याकडे उन्हाळा मृगाच्या पावसाने संपतो आणि श्रावण, भाद्रपद, आश्विन हे महिने पावसाळ्याचा उत्तरार्ध व शरदाचा आरंभ यांमध्ये विभागले जातात. उष्णतेचा दुसरा लहानसा उंचवटा येतो तो पाऊस गेल्यानंतर. त्यासाठी मराठीने ‘ऑक्टोबर हीट’ हा परका शब्दच रुळवून घेतला आहे, तर अवधमध्ये तोच अनुभव ‘क्वार की धूप’ म्हणून आश्विनाच्या देशी नावाने ओळखला जातो.

पावसाच्या जाण्यालाही दोन भाषांनी दोन नावे दिली आहेत. हिंदी वृत्तपत्रे ‘मानसून की विदाई’ असे लिहितात. तेथे पाऊस हा निरोप घेणारा पाहुणा असतो आणि विदाई झाली म्हणजे पाऊस संपला. मराठीत मात्र ‘परतीचा पाऊस’ असा शब्दप्रयोग आहे. परतणे ही क्रिया येथे पावसाच्या अखेरीचे नाव न राहता पावसाच्या एका जातीचे नाव झाली आहे. या फरकामागे भौगोलिक कारण आहे. मोसमी वाऱ्यांची माघार वायव्येकडून सुरू होते. २०२० साली सुधारित करण्यात आलेल्या तारखांनुसार पश्चिम राजस्थानातून ती साधारणतः १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि मुंबईहून ८ ऑक्टोबरच्या आसपास पूर्ण होते. उत्तरेकडे माघारीबरोबर कोरडी हवा येते; दख्खनच्या पठारावर मात्र याच दिवसांत दुपारनंतर विजांसह जोरदार सरी येतात. काढणीला आलेले सोयाबीन, कोकणातील पिकलेले भात, फुटलेला कापूस यांवर पडणारा हा पाऊस विदाईच्या कल्पनेत बसणारा नाही. २०२० च्या ऑक्टोबरच्या मध्यास बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने सोलापूर-पंढरपूरपर्यंत पूर आणला, तेव्हा शास्त्रीय कारण काहीही असो, लोकभाषेने त्याचीही गणना परतीच्या पावसातच केली.

३. घाट, घाटी, देश, द्रोणी

खोरे, किनारा आणि पर्वत हे तीन शब्द भाषांतराला सोपे वाटतात. प्रत्यक्षात मराठी व हिंदी यांच्यामधील सर्वांत फसवे शब्द याच क्षेत्रात आढळतात. मुंबई केंद्राच्या अंदाजात मध्य महाराष्ट्राच्या ओळीखाली ‘घाट भागात’ किंवा ‘घाटमाथ्यावर’ पावसाचा निराळा उल्लेख असतो. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर तत्काळ सह्याद्रीची कड, माळशेज, ताम्हिणी, आंबा, आंबोली ही स्थळे येतात. लखनौच्या वाचकाला ‘घाट’ म्हटल्यावर गोमतीच्या पायऱ्या दिसतील. मराठीला हा दुसरा अर्थही परिचित आहे. वाई, नाशिक, पंढरपूर येथील घाट नदीचेच आहेत. परंतु पावसाच्या संदर्भात मराठी मन डोंगराचाच अर्थ निवडते. ‘घाटी’ हा शब्द तर अर्थाच्या दृष्टीने उलटाच पडतो. हिंदीत घाटी म्हणजे दोन डोंगरांमधील सखल प्रदेश. मराठीत ती डोंगर चढण्याची अवघड वाट आणि बोलीत घाटावरून आलेला माणूस.

‘देश’ या शब्दाचीही हीच स्थिती आहे. हिंदीत त्याचा पहिला अर्थ राष्ट्र. मराठीत ‘देशावर पाऊस नाही’ असे म्हटले, की घाटमाथ्याच्या पूर्वेकडील पठाराचा बोध होतो. कोकण, घाटमाथा, मावळ आणि देश ही पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी साखळी म्हणजे पावसाच्या उतरत्या श्रेणीचेच वर्णन होय. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तेथून जेमतेम तीस किलोमीटरवर असलेल्या वाईला त्याचा लहानसा अंशच मिळतो. त्यामुळे मराठी अंदाजात ‘मध्य महाराष्ट्र’ हे प्रशासकीय नाव एकटे उभे राहू शकत नाही. घाटाचा उल्लेख त्यातून वेगळा काढावाच लागतो, अन्यथा विधान निरर्थक ठरते.

अवधच्या सपाटीवर उंचीतील फरक काही मीटरांचा असतो, पण तेथील भाषेने तोही बारकाईने टिपला आहे. नदीच्या पुराखाली जाणारी जमीन ती कछार किंवा माँझा, पुराच्या वर राहणारी ती उपरहार आणि उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी असलेला ओलसर पट्टा तो तराई. वाऱ्याची नावेही निर्णायक आहेत : पूर्वेकडून येणारी पुरवाई बाष्प आणते, पश्चिमेकडून येणारी पछुआ कोरडी असते. मराठी पावसाचा नकाशा उंचीने आखला जातो, अवधी पावसाचा नकाशा नदी आणि दिशा यांनी.

२००० सालच्या नोव्हेंबरमध्ये उत्तराखंड वेगळे राज्य झाल्यावर उत्तर प्रदेशाकडून त्याचा पहाडी भाग गेला. पर्वत प्रशासकीय अर्थाने दुसऱ्याच्या ओळीत गेले. पर्वतांचा पाऊस मात्र नद्यांच्या वाटेने अवधमध्ये येतच राहिला. या मुद्द्याकडे पुढे यावयाचे आहे.

४. आस : एका वाक्याची दोन अर्धे

मोसमी पावसाच्या काळात उत्तर भारतावर कमी दाबाचा एक लांबट पट्टा निर्माण होतो. त्याची सर्वसाधारण जागा राजस्थानातील श्रीगंगानगरपासून प्रयागराजवरून बंगालच्या उपसागराच्या शिरोभागापर्यंत असते. मराठी हवामानलेखनात याला ‘मॉन्सूनचा आस’ म्हणतात, हिंदीत ‘मानसून द्रोणी’. दोन्ही संज्ञा विचार करण्याजोग्या आहेत. संस्कृतात द्रोणी म्हणजे दोन पर्वतांमधील दरी. हवेच्या दाबाच्या नकाशावरील सखल भागाला हिंदीने खोऱ्याचेच नाव दिले आहे. मराठीने चाकाच्या कण्याचे नाव घेतले, ज्याभोवती सारे फिरते ते. पुल्लिंगी ‘आस’ म्हणजे अक्ष आणि स्त्रीलिंगी ‘आस’ म्हणजे उत्कट अपेक्षा, हे व्युत्पत्तीने निराळे शब्द उच्चारात एक झाले आहेत. पावसाची वाट पाहणाऱ्या वाचकाच्या कानात ते वेगळे राहत असतील, असे वाटत नाही.

हा आस स्थिर नसतो. तो आपल्या जागेवर किंवा तिच्या दक्षिणेस असतो, तेव्हा उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ या वाटेने पश्चिमेकडे सरकतात आणि महाराष्ट्रात पाऊस होतो. तो उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला, की मध्य भारतात व दख्खनमध्ये पाऊस थांबतो. त्याच वेळी तराईत आणि पर्वतउतारांवर अतोनात पाऊस कोसळतो. या अवस्थेला शास्त्रीय मराठीत ‘खंड’ म्हणतात. ऑगस्ट महिना हा अशा खंडांचा विशेष संभाव्य काळ होय.

याचा अर्थ असा, की अमौसीच्या अंदाजात ‘तराई में भारी वर्षा’ आणि मुंबईच्या अंदाजात ‘मराठवाड्यात हवामान कोरडे राहील’ ही दोन विधाने बहुधा एकाच घटनेची दोन टोके असतात. दोन्ही केंद्रांचे वाचक आपापली ओळ वाचतात आणि आपापल्या भाषेत सुखावतात वा चिंतावतात. एकमेकांसमोर ठेवल्यावर मात्र ती ‘तेथे’ आणि ‘येथे’ यांनी जोडलेल्या एकाच मिश्रवाक्यातील उपवाक्ये असल्याचे ध्यानात येते.

मराठीच्या आतही या एका खंडाची अनेक नावे आहेत आणि ती भूरूपाप्रमाणे बदलतात. कोकणात आठवडाभर संततधार कोसळल्यावर पाऊस थांबला, तर ‘उघडीप मिळाली’ असे म्हणतात. त्या शब्दात सुटकेचा भाव आहे. वाळवण घालता येते, शाकारणी करता येते, गोठ्यातील ओल सुकते. देशावर पाऊस थांबला, की ‘पावसाने ओढ दिली’ किंवा ‘दडी मारली’ असे म्हणतात. ओढ हा शब्द पुन्हा द्वयर्थी आहे : पावसाने लावलेला विलंब आणि मनाचे खेचले जाणे. पिकाच्या संदर्भात ‘ताण बसला’ असे म्हटले जाते. विदर्भात ज्याला ‘झड’ म्हणतात, त्या अखंड रिमझिमीची तेथील शेतकरी या काळात वाट पाहतो, आणि तीच लांबली तर कपाशीच्या बोंडांसाठी तिला शापही देतो. घटना एक असली, तरी तिच्याकडे पाहण्याची जागा शब्द ठरविते. अंदाजाच्या प्रमाणभाषेत मात्र या सर्वांना ‘पावसाचा जोर कमी राहण्याची शक्यता’ एवढेच रूप मिळते. शास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे, परंतु ऐकणाऱ्याचे स्थान त्यातून पुसले जाते.

५. खोऱ्याचा पाठ

अंदाजाचे वाचन किती जोखमीचे असते, हे खोऱ्यांत सर्वाधिक स्पष्ट होते. सांगली आणि मिरज ही पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील गावे. २००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षांच्या महापुरांत ती पाण्याखाली गेली, ती स्वतःवर पडलेल्या पावसाने नव्हे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते; कराडला तिला कोयना मिळते, सांगलीजवळ वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा. २०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात या नद्यांच्या उगमांकडील घाटमाथ्यावर झालेला पाऊस काही काळाने सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर आला. त्या दिवसांत सांगलीच्या वाचकासाठी सांगली जिल्ह्याच्या ओळीपेक्षा सातारा व कोल्हापूरच्या ‘घाट भागात अतिवृष्टी’ ही ओळ महत्त्वाची होती. खोऱ्याचे भविष्य डोंगराच्या ओळीत लिहिलेले होते.

अवधमध्ये हीच रचना अधिक मोठ्या अंतरावर दिसते. लखनौची गोमती पिलीभीत जिल्ह्यातील मैदानात उगम पावते. तिचे पाणी मैदानाच्याच पावसाचे. पण शेजारच्या बाराबंकी जिल्ह्याला लागून वाहणारी घाघरा आणि खीरीकडील शारदा या नद्या नेपाळ व उत्तराखंडच्या पर्वतांतून येतात. लखनौत आकाश निरभ्र असताना, उन्हाने अंगाची लाही होत असताना, एल्गिन पुलाजवळ घाघरा धोक्याच्या पातळीवर असू शकते. कछारमधील कुटुंबांना घरदार उचलून बांधावर जावे लागते, ते त्यांच्या जिल्ह्याच्या अंदाजात कोरडे हवामान असतानाही. तेथील जुना माणूस म्हणूनच आकाशापेक्षा पाण्याचा रंग पाहतो.

या दोन उदाहरणांतून अंदाजाच्या रचनेतील एक त्रुटी उघड होते. पावसाचा अंदाज जिल्हावार दिला जातो. पूर मात्र खोरेवार येतो. जिल्हा ही महसुलाची सीमा आहे आणि खोरे ही पाण्याची. पुराचे इशारे केंद्रीय जल आयोग निराळे देतो, आणि सर्वसामान्य वाचकाच्या हाती दोन निराळ्या भाषांतील, दोन निराळ्या खात्यांचे पाठ येतात. त्यांचा सांधा जुळविण्याचे काम त्याच्यावरच सोपविलेले असते.

किनाऱ्याचा पाठ याहून वेगळा आणि थोडका आहे. अंदाजाच्या इतर ओळी ‘शक्यता आहे’ या पदावर थांबतात. कोळ्यांसाठीची ओळ मात्र ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ अशी आज्ञार्थाच्या जवळची असते. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीवरील पावसाळी बंदी दीर्घकाळ ३१ जुलैपर्यंत असे. कोळीवाड्यांची परंपरा मात्र नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर होड्या लोटण्याची. ही पौर्णिमा ऑगस्टच्या आरंभापासून अखेरीपर्यंत कोणत्याही दिवशी येऊ शकते. एक मुदत सौर, दुसरी चांद्र; दोन्ही एका अर्थी समुद्राविषयीचे अंदाजच होत, आणि त्यांच्यामधील दिवसांत कोणाचे ऐकावे हा प्रश्न कोळ्याच्या घरात दरवर्षी निघतो.

६. पूर्वपरंपरा : नक्षत्रे आणि वचने

आधुनिक अंदाजाच्या मागे दोन्ही प्रदेशांत एक मौखिक परंपरा उभी आहे आणि ती आश्चर्यकारकरीत्या समान आहे. महाराष्ट्रात सहदेव-भाडळी, अवध व पूर्वेकडे घाघ आणि भड्डरी, राजस्थानात डंक-भड्डली, गुजरातेत भडली, मिथिलेत डाक, बंगालमध्ये खना अशी वचनकर्त्यांची मालिका आढळते. भाडळी, भड्डरी, भडली ही एकाच नावाची रूपे असावीत, हे उघड आहे. ही व्यक्ती कोठे स्त्री मानली जाते, कोठे पुरुष. रामनरेश त्रिपाठी यांनी घाघ आणि भड्डरी यांच्या वचनांचे संकलन अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीसाठी केले. त्यामुळे हिंदीतील परंपरा छापील रूपात स्थिरावली. मराठीतील वचने पंचांगे, हस्तलिखिते आणि तोंडी परंपरा यांतून विखुरलेली राहिली. कोणती वचने कोणत्या वाटेने प्रवास करीत गेली, याचा पद्धतशीर शोध तौलनिक अभ्यासाला अद्याप बरेच काही देऊ शकेल.

या वचनांची वाक्यरचना जर-तर स्वरूपाची असते. अमुक तिथीला वीज चमकली, अमुक दिशेने वारा वाहिला, अमुक पक्ष्याने अमुक जागी घरटे केले, तर पुढे तमुक होईल. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर. पंचांगाची रचना निराळी आहे. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ पर्जन्यनक्षत्रे म्हणजे सुमारे तेरा-चौदा दिवसांचे कप्पे. प्रत्येकाला वाहन दिलेले : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांतील अंतराला नऊने भागून उरणाऱ्या संख्येवरून ते ठरते. बेडूक, म्हैस, हत्ती आले म्हणजे पाऊस भरपूर, असा समज. येथे निरीक्षणाला जागा नाही. विधान कालगणनेतून निपजते. आधुनिक अंदाजात तिसरी रचना दिसते : स्थळ, व्याप्तीचे प्रमाण आणि शक्यता. जर-तर, भविष्यकाळ आणि शक्यतार्थ या तीन अर्थछटा म्हणजे एकाच जिज्ञासेची तीन व्याकरणे होत. मराठी वाचक तिन्ही एकाच सकाळी वाचतो.

प्रस्तुत काळाच्या दृष्टीने हस्त नक्षत्र विशेष उद्बोधक आहे. सूर्य सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात या नक्षत्रात प्रवेश करतो. हस्त म्हणजे हात. पण महाराष्ट्रातील बोलीत हा ‘हत्तीचा पाऊस’ होतो, आणि पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमध्ये त्याचे नावच ‘हथिया’. हाताचा हत्ती होण्याची ही क्रिया दोन्ही प्रदेशांत घडली आहे. तिच्यामागे हस्त व हस्ती यांचे ध्वनिसाम्य तर आहेच, शिवाय या दिवसांतील गडगडाट आणि एकदम ओतणाऱ्या सरी यांचा अनुभवही आहे. महाराष्ट्रात त्यातून हादगा किंवा भोंडला उभा राहिला. पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरतात. पूर्वेकडे हथिया हा भातशेतीचा कस ठरला, कारण त्या वेळी भाताचे दाणे भरत असतात. देशावर हस्ताचा पाऊस रब्बीच्या ज्वारीसाठी जमिनीत ओल साठवितो. एकच नक्षत्र, एकच शब्दविकार. एकीकडे उभे पीक राखण्याची आशा, दुसरीकडे पुढच्या पिकाची तजवीज.

७. सरासरी, तुरळक आणि अतिवृष्टी

हवामान विभाग जुलैच्या अखेरीस ऑगस्ट-सप्टेंबरचा एकत्रित अंदाज देतो. १९७१ ते २०२० या काळाच्या आधारे या दोन महिन्यांची देशाची सरासरी ४२२.८ मिलिमीटर आहे आणि तिच्या ९४ ते १०६ टक्के पाऊस ‘सामान्य’ समजला जातो. २०२३ च्या जुलैअखेरीस दिलेल्या अंदाजात दोन महिने मिळून पाऊस सामान्य राहील, ऑगस्टमध्ये मात्र तो सरासरीहून कमी असेल, अशी शक्यता वर्तविली होती. प्रत्यक्षात तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला. देशभरात ३६ टक्के तूट आली. सप्टेंबरमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के अधिक पाऊस झाला, तरी एकत्रित आकडा ९४ टक्क्यांच्या खालीच राहिला. त्याच ऑगस्टच्या मध्यास आस हिमालयाच्या पायथ्याशी असताना हिमाचल व उत्तराखंडात डोंगर कोसळत होते, सिमल्यात दरडींखाली माणसे गाडली जात होती. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पर्वतावरील दरड आणि पठारावरील दुष्काळ ही एका वाक्याची दोन अर्धे आहेत, हे विधान येथे अलंकार राहत नाही.

सरासरी ही संख्या या दोन अर्धांची बेरीज करून एक शांत आकडा देते. २०१९ मध्ये याच्या उलट घडले. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सरासरीच्या दीडपटीहून अधिक पाऊस झाला आणि माघारीला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली, हा त्या वेळेपर्यंतचा सर्वाधिक विलंब होता. भाद्रपद-आश्विनाच्या परंपरागत अपेक्षा अशा वर्षी मोडून पडतात. त्या मोडल्याची जाणीव मात्र शेतकऱ्याला काढणीच्या वेळी होते.

प्रमाणभाषेचा एक शब्द येथे विशेष तपासला पाहिजे. उपविभागातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर मराठी अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे लिहितात; पुढे ‘काही’, ‘बऱ्याच’, ‘बहुतांश’ अशी चढती श्रेणी असते. हिंदीत पहिल्या पायरीला ‘एक-दो स्थानों पर’ किंवा ‘कहीं-कहीं’ म्हणतात. हिंदी शब्द निव्वळ स्थळवाचक आहेत. मराठीतील ‘तुरळक’ मात्र विरळपणाचा सामान्य शब्द असून ‘तुरळक पाऊस’ म्हणजे हलका पाऊस असा रूढ अर्थ आहे. परिणामी ‘तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पाऊस’ हे वाक्य ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दाशी निर्धास्त करते. व्याप्तीचा शब्द तीव्रतेचा म्हणून ऐकला जातो. घाटमाथ्यावरील ज्या एका गावासाठी ते वाक्य लिहिलेले असते, तेथे ११५ मिलिमीटरहून अधिक पाऊस चोवीस तासांत पडणार असतो. शब्दाची निवड बदलणे अवघड नाही. ‘एखाद्या ठिकाणी’ हा शब्द आपल्याकडे आहेच.

‘अतिवृष्टी’ या शब्दाचे आयुष्य तर तिहेरी आहे. संस्कृत परंपरेत ती ईतींपैकी एक, म्हणजे राज्यावरील संकट. आजच्या महसुली व्यवहारात एखाद्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की ती अतिवृष्टी आणि पीकहानीच्या मदतीचा आधार. सामान्य बोलण्यात मात्र नको इतका पाऊस म्हणजे अतिवृष्टी. चौसष्ट मिलिमीटरांत ज्याचे सोयाबीन कुजले, त्याच्या दृष्टीने दुसरा आणि तिसरा अर्थ यांतील अंतर हे वर्षाच्या उत्पन्नाचे असते.

८. समारोप

भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १८७५ मध्ये कलकत्त्यास सुरू झाले, १९०५ मध्ये सिमल्यास गेले, १९२८ मध्ये पुण्यास आले आणि १९४४ मध्ये दिल्लीस स्थिरावले. उपसागराकाठचा त्रिभुज प्रदेश, पर्वत, सह्याद्रीच्या छायेतील पठार आणि मैदान अशा चार भूमींवरून या संस्थेने एकाच आकाशाकडे पाहिले. तिच्या अंदाजाची भाषा मात्र कोठूनही सारखीच वाचता यावी, अशा हेतूने घडत गेली. ती तशी असणे आवश्यकही आहे. प्रमाणीकरणाशिवाय अमौसी आणि मुंबई यांची तुलनाच शक्य झाली नसती.

तथापि वाचन हे नेहमी एखाद्या ठिकाणाहूनच होते. उघडीप म्हणणारा आणि ओढ म्हणणारा यांना एकच वाक्य मिळते, तेव्हा त्या वाक्याला आपल्या भूमीची पुरवणी जोडण्याचे काम वाचकाला करावे लागते. ही पुरवणी कोकणाने डोंगराकडे, सांगलीने घाटाकडे, बाराबंकीने नेपाळच्या पर्वतांकडे आणि मराठवाड्याने हिमालयाच्या पायथ्याकडे पाहून लिहावयाची असते. तौलनिक साहित्याची शिस्त एका भाषेतील पाठ दुसऱ्या भाषेतील पाठाशेजारी ठेवून वाचावयास शिकविते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही शिस्त अभ्यासिकेपुरती राहत नाही. लखनौच्या वृत्तपत्रात तराईतील पावसाचा मथळा दिसला, की बीडच्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीतील पाणी मोजावे, इतका थेट तिचा उपयोग आहे.